सैंदाणे सरांची हजेरी

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात भर दुपारी ट्रॅफिक थांबलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, आणि ते सिग्नलनं थांबवलेलं नव्हतं. सिग्नलला आमच्याकडं कोण विचारतो! ते सैंदाणे सरांनी थांबवलं होतं, तेही नुसत्या तोंडानं. साड्यांची पार्सलं लादलेले टेम्पो, रिक्षा, कॉलेजची पोरं, मधे एक म्हैस, असं सगळं वाहत होतं. मी माझ्या फ्लेक्सच्या दुकानाच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. रस्त्यापलीकडून हाक आली,

"निकम सुरेश पंडित!"

कप डाव्या हातात कधी गेला, उजवा हात वर कधी गेला, मला खरंच माहीत नाही. मी ओरडलो, "हजर सर!"

टेम्पोवाल्याला वाटलं मी त्यालाच हात दाखवतोय. त्यानं ब्रेक मारला. मागच्यानं मारला, त्याच्या मागच्यानं मारला, आणि ती लाट म्हणे थेट गोडादऱ्यापर्यंत गेली आणि सासरच्या घरात शिरणारा एक जावई विनाकारण उंबऱ्यावर थबकला. त्या थांबलेल्या गर्दीतून सर आपली मोपेड फटफटवत, जणू महानगरपालिकेनं त्यांच्यासाठीच रस्ता मोकळा केलाय अशा थाटात, माझ्या दारात आले आणि म्हणाले, "तिसऱ्या बाकावरचा ना तू? भिंतीकडचा. फ्लेक्स छापतोस म्हणे. चांगलंय. शुद्धलेखन तपासत जा."

यशवंत दगा सैंदाणे, आमच्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. मूळचे धुळ्याकडचे, पण सुरतेत इतकी वर्षं काढलेली की अहिराणीत रागवायचे, मराठीत शिकवायचे, गुजरातीत भाजी घ्यायचे आणि हिंदी फक्त पोलिसांशी बोलायचे. अंगावर राखी सफारी, तिच्यावर खडूची पूड. खिशाला लाल पेन. आणि बुडाखाली ती मोपेड. एकदा बंद झाली की पुन्हा चालू व्हायला तिला दुसऱ्या दिवशीचा सूर्य लागायचा, म्हणून सर ती कधी बंदच करत नसत. लग्नाला गेले, मयतीला गेले, तरी मोपेड बाहेर फटफटत उभी. तिच्या आवाजावर मात करत बोलून बोलून सरांचा गळा असा तयार झाला होता की त्यांनी कानात गुपित सांगितलं तरी शेजारच्या सोसायटीत त्यावर चर्चा व्हायची.

सरांना माणसं धंद्यावरून ओळखता यायची नाहीत. बाकावरून यायची. प्लॉट पाडून पाडून श्रीमंत झालेला, गळ्यात साखळदंडासारखी चेन घालणारा बिल्डर सरांच्या लेखी "दाराजवळचा, नाक गळणारा" होता. हजीऱ्याला कारखान्यात जहाजाएवढी क्रेन चालवणारा आमचा मित्र "खिडकीतून पळणारा" होता. आणि हाक मारायची ती हजेरीत मारतात तशीच. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव, शेवटचं अक्षर जरा उचलून. मुली लग्न होऊन कुठल्या कुठं गेल्या असतील, नावं बदलली असतील, पण सरांच्या हजेरीत त्या माहेरच्याच नावानं राहायच्या. कसली नोंद नाही, कागद नाही, सगळं डोक्यात.

ही हाक सर काही हौसेनं मारत फिरत नव्हते. झालं होतं असं, की वरच्या ऑफिसातून सूचना आली होती, माजी विद्यार्थ्यांशी नातं जोडा, समाजाला शाळेत आणा, मदत मिळवा. सगळ्या हेडमास्तरांनी सूचना फाईलला लावली. आमच्या सरांनी ती मोपेडला लावली.

पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. आमचे बाप खानदेशातून, विदर्भातून आले, कोणी संच्यावर म्हणजे कापडाच्या मागावर लागले, कोणी मिलमध्ये, कोणी रेल्वेत. चाळी भरल्या, तशी शाळा भरली. आमच्या वेळी पहिलीच्या वर्गात पाय ठेवायला जागा नसायची, एकाच्या मांडीवर दुसरा बसून बाराखडी म्हणायचा. मग आम्ही शिकलो, कमावलं, आणि आमची पोरं इंग्लिशला घातली. ज्यांना इंग्लिश झेपली नाही त्यांनी शेजारच्या गुजरातीला घातली. पहिलीचा वर्ग दरवर्षी आटत गेला. शेवटी ऑफिसातल्या एका साहेबांनी तोंडी सांगून टाकलं, येत्या जूनला नवी पहिली बसली नाही तर मराठी शाळा गुंडाळायची, उरलेली मुलं गुजराती शाळेत अ‍ॅडजस्ट करायची.

"अ‍ॅडजस्ट?" सर माझ्या दुकानात टेबलावर हात आपटत म्हणाले. "पोरं म्हणजे काय सोफा आहे?"

म्हणून ही शिकार चालू झाली. सरांना पहिलीला पोरं हवी होती. आम्हाला मात्र वाटलं, सरांना देणगी हवी आहे. आणि देणगी द्यायला आमच्यासारखा उत्साही समाज शोधून सापडायचा नाही.

पहिला मासा गळाला लागला तो महाजन किशोर भिका. म्हणजे किशोरशेठ, रिंग रोडच्या मार्केटात लेसचं दुकान. सर गेले तेव्हा बाहेरगावचा एक मोठा व्यापारी समोर बसून भाव पाडत होता, आणि किशोरशेठ चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव ठेवून नाही-नाही म्हणत होता. तेवढ्यात दारातून तोफ सुटली,

"महाजन किशोर भिका!"

शेठ गादीवरून ताडकन उठला, हात थेट छताला. "हजर सर!"

व्यापाऱ्यानं टाळी वाजवली. "बस, किशोरभाई ने हाथ उठा दिया! मेरा भाव मंजूर! माल बांधो!"

आता भर बाजारात वर गेलेला हात खाली कसा आणणार? शेजारच्या दुकानातला गुजराती शेठ डोकावून म्हणाला, "अरे किशोरभाई, आ काका कोण छे? वसुलीवाळा?"

"नही भाई," किशोरशेठ रडवेल्या आवाजात म्हणाला, "उससे भी खतरनाक. मास्तर है."

त्या एका हातानं त्याचा एवढा तोटा झाला की निदान नाव तरी व्हावं म्हणून तो माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं? शाळेला पंखा दिला. साधा नाही. तीन पात्यांवर लाल अक्षरांत लिहिलेलं. एका पात्यावर "कै. भिकाशेठ महाजन", दुसऱ्यावर "यांच्या", तिसऱ्यावर "स्मरणार्थ". पंखा पहिलीच्या वर्गात बसला, फीत कापली, बटण दाबलं, पंखा गरगरला आणि किशोरशेठचा चेहरा पडला.

"सर, फिरला की बाबा दिसत नाहीत."

"पंखा आहे रे, फिरणारच."

"पण मग लावून उपयोग काय?"

शेवटी असं ठरलं की किशोरशेठ किंवा त्याच्या घरचं कोणी शाळेत आलं की पंखा बंद करायचा. आणि किशोरशेठचं खानदान एवढं, त्यांना शाळेचं प्रेम एवढं, की रोज कोणी ना कोणी मावसभाऊ बाबांना वाचायला यायचा. पंखा आला आणि वर्गातला होता नव्हता तो वाराही गेला.

त्याचं पाहून बाकीचे पेटले. कोणी घड्याळ दिलं, त्यावर आजोबांचा फोटो असा लावला की काटे आजोबांच्या मिशांतून निघायचे आणि वाजले किती ते फक्त आजोबांना कळायचं. कोणी पाण्याची टाकी दिली, तिच्यावर एवढी नावं की नळ कुठं बसवायचा यावर भांडण झालं. प्रत्येक वस्तूमागं एक सत्कार, प्रत्येक सत्काराला शाल, आणि सगळ्याचे फ्लेक्स माझ्याकडं. माझा धंदा त्या वर्षी असा चालला की मशीनला ताप आला. सर प्रत्येकाला एकच विचारायचे, "ते झालं. तुझं पोरगं कुठंय?" आणि प्रत्येक जण शाल सावरत घाईत निघून जायचा.

पंख्यानं मात्र एक काम केलं. बंद असल्यामुळं पहिलीतली उरलीसुरली पोरं उताणी पडून तो वाचायला शिकली. त्यांच्या आयुष्यातला पहिला वाचलेला शब्द "कै." पोरांना वाटलं, मोठ्या माणसांच्या नावाआधी हे मानानं लावतात. त्यांनी आपापल्या वह्यांवर सुंदर अक्षरात बापाचं नाव घातलं: कै. राजू सोनवणे. कै. संजय अहिरे.

दुसऱ्या दिवशी राजू सोनवणे रात्रपाळी करून झोपला होता तो उठून तसाच बनियनवर शाळेत आला. हातात वही.

"सर, माले जित्ता मारी टाकं तुम्ही!"

सगळी शाळा गोळा झाली. दुसरा हेडमास्तर असता तर माफी मागितली असती. सरांनी राजूकडं पाहिलं, वर्गाकडं पाहिलं, आणि सणसणीत हाक मारली, "सोनवणे राजू आत्माराम!"

राजूचा हात वर. "हजर सर!"

"पाहिलंत?" सर पोरांना म्हणाले. "जो हजर म्हणतो तो जिवंत. त्याच्यापुढं श्री लावायचं. बाकीचे सगळे स्मरणार्थ." आणि राजूकडं वळून, "जा, झोप आता. तुझं पोरगं इथं आहे म्हणून तू श्री आहेस. ते अध्यक्ष वगैरे आहेत ना, त्यांचं मला अजून ठरवायचंय."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

मार्च संपत आला तेव्हा संघानं भव्य मेळावा ठरवला. रविवारची सकाळ, शाळेचं पटांगण, मंडप, खुर्च्यांना पांढरे कपडे. फ्लेक्स अर्थात माझाच. किशोरशेठचा चेहरा त्यावर एवढा मोठा की रस्त्यावरच्या गाई बिथरल्या, आणि सरांचा फोटो खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. माझ्याकडचा ऑपरेटर गुजराती. त्यानं "माजी विद्यार्थी मेळावा" च्या जागी "माझी विद्यार्थी मेळावा" छापून ठेवलं. मी घाबरत सरांना दाखवलं. शुद्धलेखनावरून माणसाला उभं जाळणारा तो गृहस्थ लाल पेन काढून फ्लेक्सजवळ गेला, पेन परत खिशाला लावलं आणि म्हणाला, "असू दे. माझीच आहेत गाढवं."

भाषणं सुरू झाली. आमचं मराठीवरचं प्रेम त्या दिवशी नुसतं उतू चाललं होतं. ज्याची पोरं घरात बापालाही "डॅडी" म्हणतात तो मातृभाषेच्या आठवणीनं गदगदला. ग्रुपवर गुजराती लिपीत शुभ सकाळ पाठवणारा एक जण मराठीच्या भवितव्यावर असा काही बोलला की मंडपवाला रडला. तो बिहारचा होता, त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी रडला. किशोरशेठनं शाळेला रंगीत कमान जाहीर केली. कमानीवर कोणाचं नाव, हे काही त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मग सर उठले. माईक बाजूला सारला. त्यांना माईक दिला तर शहराच्या दुसऱ्या टोकाला लोक दचकतात. कोणाचं स्वागत नाही, आभार नाहीत, एकदम सुरू,

"अहिरे संजय काशिनाथ!"

"हजर सर!"

"महाजन किशोर भिका!"

"हजर सर!"

"निकम सुरेश पंडित!"

"हजर सर!"

लोक खुश. पोट सुटलेले, केस उडालेले पुरुष छाती फुगवून हात वर करत होते. मागं बायकांच्या खुर्च्या होत्या, त्याही सुटल्या नाहीत. "पाटील रेखा उत्तम!" "हजर सर!" ही रेखा म्हणजे किशोरशेठची बायको. शाळेत त्याच्याच वर्गातली. मंडपात टाळ्या, शिट्ट्या, आमची सगळी शाळा पुन्हा भरल्यासारखी. फोटोवाला खुर्चीवर चढला.

आणि सर थांबलेच नाहीत. त्याच आवाजात पुढं,

"महाजन आर्या किशोर!"

शिट्ट्या थांबल्या. आर्या म्हणजे किशोरशेठची मुलगी, येत्या जूनला पहिलीला बसायच्या वयाची. आईच्या शेजारी कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन बसलेली.

"महाजन आर्या किशोर!"

 सर म्हणाले, "गैरहजर." आणि पुढचं नाव. तेही पोर त्याच वयाचं. "गैरहजर." मग पुढचं. आमच्यातल्या एकेकाच्या पोराचं नाव बापाच्या नावासकट मंडपावरून जात होतं आणि प्रत्येकापाठी तो एकच शब्द. माझी पोरं कॉलेजात गेलेली, म्हणून मी निर्धास्त हसत होतो, तर माझ्याकडं बोट करून, "आणि तू, लग्नं उरक त्यांची लवकर!"

किशोरशेठ स्टेजवरून हळूच म्हणाला, "सर, तिची शाळा ठरली आहे. तिथं बस घरापर्यंत येते."

"मी बसचं विचारलं नाही. हजर की गैरहजर?"

"सर, आम्ही कमान देतोय ना..."

"कमानीखालून जाणार कोण रे? तू? जूनला पहिलीत पोरं नसतील तर तुझ्या कमानीतून मोडलेले बाक बाहेर काढतील. त्या साहेबानं मला सांगितलंय. पंखे, घड्याळं, टाक्या, सगळ्यांवर तुमचे बाप लिहून झाले. तुमची पोरं कुठं लिहू?" आणि मग सावकाश, "हजर म्हणतो तो जिवंत. बाकीचे सगळे स्मरणार्थ. पुन्हा एकदा घेतो. महाजन आर्या किशोर!"

"हजर!"

मागून आला आवाज. रेखा उभी होती, एका हातानं पोरीचा हात वर धरलेला, पोरीच्या त्या हातात कुरकुरे. "मनी पोर येई, सर. लिहा."

"रेखा, खाली बस," किशोरशेठ दात आवळून म्हणाला.

"का बसू? याच शाळेत शिकले मी. तुमच्या पुढच्या बाकावर होते. माझ्या पाटीवरून उतरवून पास झालात, तेव्हा बसची गरज पडली नव्हती?"

मंडप कोसळला. हसून कोसळला म्हणतोय, पण एक बांबू खरोखरच पडला, फोटोवाला त्यालाच धरून हसत होता. आणि त्या हसण्यात बायकांच्या खुर्च्यांतून दुसरा हात वर गेला, मग आणखी एक. पुरुष एकमेकांकडं बघत होते. जमिनीवर पडलेली नाणी शोधावीत तसे काही जण खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधू लागले. काहींचे बूट बिननाडीचे होते.

वर हात केलेल्या सगळ्यांनी पोरं पाठवली, असं नाही. घरी गेल्यावर किती हात खाली ओढले गेले ते त्यांच्या घरच्या भिंतींना ठाऊक. पण जूनमध्ये पहिलीचा वर्ग रिकामा राहिला नाही. साहेब आले, दारातून डोकावले, पोरांनी एका सुरात "श्री" म्हणून त्यांचं स्वागत केलं, कारण जिवंत माणसाला श्री लावतात हे त्यांना पक्कं शिकवलं होतं. साहेब म्हणाले, "बरं, या वर्षी राहू द्या." या वर्षी! त्या शब्दावर सर पुढची सगळी वर्षं जगले. आर्या पहिलीत बसली. आणि किशोरशेठ? तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं आला. "सुरेश, एक फ्लेक्स कर. मातृभाषेसाठी त्याग करणाऱ्या किशोरशेठ महाजन यांचं हार्दिक अभिनंदन. फोटो माझा. आर्याचा छोटा टाक खाली." त्या दिवसापासून पंखा मात्र फिरू लागला. रेखा पोरीला सोडायला रोज यायची आणि तिनंच बटण दाबायला सुरुवात केली होती.

सर निवृत्त झाले तेव्हा सत्काराला उभे राहिले नाहीत. म्हणाले, इतक्या शाली शाळेत पडून आहेत, आणखी एक नको. नंतर कळलं, त्या सगळ्या शाली त्यांनी शिवून घेऊन पहिलीच्या पोरांना बसायला बस्करं केली होती. आमचा सगळा मानसन्मान पोरांच्या बुडाखाली.

मला सर शेवटचे दिसले ते बँकेत. निवृत्त माणसांना वर्षातून एकदा जाऊन आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. हॉल म्हाताऱ्यांनी भरलेला. बाहेर एक मोपेड फटफटत होती, तेव्हाच मी ओळखलं. खिडकीवर होती प्रज्ञा शिरसाठ. आमच्याच शाळेची, बाप मिलमध्ये होता तिचा, आता बँकेत साहेबीण. सरांनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही. जन्मभर खडू धरून रेषा झिजलेल्या.

"सर, मशीन म्हणतंय तुम्ही नाही आहात," प्रज्ञा ओशाळून म्हणाली.

"मशीन कुठल्या माध्यमाचं आहे?" सर म्हणाले. "तू घे ना हजेरी. तुला येते."

प्रज्ञा आधी हसली. मग उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि अगदी त्यांच्याच चालीत, शेवटचं अक्षर उचलून, "सैंदाणे यशवंत दगा!"

सरांचा हात वर गेला. "हजर!"

रांगेतले म्हातारे दचकले, वॉचमन सावधान झाला. करंगळीनं नंतर काम झालं म्हणतात, पण माझ्या मते मशीनच घाबरलं. कागद घेताना सरांची नजर प्रज्ञाच्या टेबलावर गेली. तिथं एका लहान मुलीचा फोटो होता, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. प्रज्ञानं चपळाईनं तो पालथा घातला.

"दात पडले म्हणजे पहिलीचं वय झालं," सर म्हणाले.

"सर, तिची अ‍ॅडमिशन झालीय. नाव सांगणार नाही मी. तुम्ही हाक माराल."

"बरं, नको सांगू," सर म्हणाले आणि शहाण्या माणसासारखे वळून चालू लागले. मलाही वाटलं, थकले सर. दारापर्यंत गेले. वॉचमननं दार उघडलं. तिथून, बाहेरच्या फटफटीवर मात करत, पाठमोरेच,

"शिरसाठ प्रज्ञा गौतम यांची मुलगी!"

"हजर सर!"

प्रज्ञाचा उजवा हात वर होता. डाव्या हातानं तिनं तोंड दाबलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता आणि अख्ख्या हॉलनं ऐकला होता. सरांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते बाहेर गेले, मोपेडवर बसले आणि निघाले. ती चालूच होती.